वाचता आलं तर अक्षर

शाहीन आपांच्या हातात लग्नाची पत्रिका पडली की त्या नवरा-नवरीचं नाव आधी वाचत नसत. पत्रिका हातभर लांब धरत, मान मागे घेत, डोळे बारीक करत आणि पत्रिका घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावरच विचारत, "जेवण कुठं हाये ते दिसते का यात?" तो बिचारा बोट ठेवून मंगल कार्यालयाचं नाव दाखवी. "तुले दिसते," आपा म्हणत, "कारण तुले आधीच ठाऊक हाये. पाहुण्याचं काय?" सोनेरी शाईवर त्यांचा विशेष राग होता. तशा पत्रिकेच्या लग्नाला त्या जात, पोटभर जेवत आणि परत येऊन सांगत, "मंडप शोधून शोधून भूक भल्ली लागली होती."

आपा मूळच्या बाळापूरच्या. किल्ल्याजवळच्या मोहल्ल्यात वाढलेल्या. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि कॉलेजात मराठी घेऊन एम.ए. लग्न होऊन अमरावतीला आल्या, कारण त्यांचे यजमान रफिकभाई नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर होते. काही वर्षं त्यांनी एका शाळेत तात्पुरती मराठीची शिक्षिका म्हणून काढली. 'तात्पुरती' हा शब्द फार लांबला तेव्हा त्या आमच्या कंपनीत आल्या. कुणी कौतुकानं म्हणालं, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो," की त्या तितक्याच गोड आवाजात म्हणत, "तुमी मराठी असून किती कच्चं बोलता, आमी कधी म्हणलं का?"

आमची कंपनी म्हणजे राजापेठेतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. मालक निशांत सर. ते अमरावतीचेच, पण पुण्यात शिकून आलेले, त्यामुळे चहा कपातून पीत आणि "आपण हे एक्स्प्लोअर करूया" असं म्हणत. मी तिथं इंजिनिअर म्हणून लागले. आम्ही एक एडिटर बनवत होतो. शाळा, संस्था, बाजार समित्या अशा कुणाच्याही वेबसाइटच्या आत तो बसवून द्यायचा. तिथल्या माणसानं तो उघडायचा, त्यात आपला ईमेल किंवा पान लिहायचं आणि पाठवायचं. त्याला अक्षराचा आकार, रंग, ठसा (म्हणजे फॉन्ट) बदलायची बटणं होती. पण लोक बटणं दाबत नाहीत. लोक येतात, लिहितात आणि जातात. त्यांनी काहीच निवडलं नाही तर अक्षर केवढं असावं, रंग कोणता, दोन ओळींत जागा किती, मथळा केवढा, हे आपण आधीच ठरवून ठेवावं लागतं. यालाच आमच्या धंद्यात डिफॉल्ट म्हणतात. निशांत सरांच्या मते हे अर्ध्या तासाचं काम होतं. आपांच्या मते ती जन्माची जबाबदारी होती.

आपांचं पद काय होतं ते मला कधीच नीट कळलं नाही. ग्राहकांना एडिटर शिकवायचा, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मराठी मजकूर तपासायचा, असं काहीतरी नेमणूकपत्रात असावं. प्रत्यक्षात त्या ऑफिसच्या सासूबाई होत्या. मी पहिल्या दिवशी खुर्चीवर बसले, तोच त्यांनी माझ्या हातात फरसाणाचं पाकीट दिलं. मला वाटलं, खायला दिलं. मी ते उघडायला लागले.

"उघडू नको, पोट्टी. मागचं वाच."

मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. मी अडखळत वाचलं.

"तुह्ये डोळे किती वर्साचे?"

"तेवीस."

"तेवीस वर्साच्या डोळ्याले दम लागला," त्या म्हणाल्या. "आता खा. आणि उद्यापासून लक्षात ठेव, वाचता आलं तर अक्षर, नाही तर रांगोळी."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की रांगोळीबद्दल माझ्या मनात कायमची सहानुभूती निर्माण झाली.

तेव्हा एडिटरचं डिफॉल्ट निशांत सरांनी स्वतः ठरवलेलं होतं. फिकट राखाडी रंग, बारीक, सडपातळ अक्षर आणि अक्षराअक्षरांत थोडी मोकळी जागा. इंग्रजीत ते खरंच देखणं दिसे. त्यांनी ते मोठ्या पडद्यावर लावून आम्हाला दाखवलं. आपांनी त्याच पानाची एक प्रत आमच्या मरतुकड्या प्रिंटरवर काढली, समोरच्या भिंतीला चिकटवली आणि सरांना दाराशी उभं केलं.

"वाचा, सर."

"आपा, हे स्क्रीनसाठी आहे."

"स्क्रीन तुमच्या टेबलावर हाये. खेड्यात कागद हाये. वाचा."

सरांना मथळा तेवढा दिसला. राखाडी रंग कागदात जिरून गेला होता. पण आपांचा खरा संताप त्या मोकळ्या जागेवर होता. इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, त्यांना जागा दिली की ती ऐसपैस होतात. मराठी अक्षरांत तशी जागा घातली की वरची रेघ तुटते. शब्द शब्द राहत नाही. "पाहा, पाहा," आपा भिंतीजवळ जाऊन एकेका शब्दावर बोट ठेवू लागल्या, "पोट्ट्या एकमेकींचा हात धरून शाळेत चालल्या होत्या. ह्या माणसानं सगळ्यायचे हात सोडवले. काहून? तर म्हणे मोकळी हवा."

दोन ओळींतल्या जागेचं उलट होतं. तिथं हवा हवी होती आणि नव्हती. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर बसायचा, रफार गायब व्हायचा. आपांनी एक वाक्य शोधून ठेवलं होतं, ज्यात रफार गेला की 'सर्व' सदस्यांचं 'सव' होई. "सव सदस्यायनं या म्हणते. सव म्हणजे काय व? सवत?"

मी रंग काळा केला, अक्षर वाढवलं, मधली जागा काढली, ओळी दूर नेल्या, ज्या फोनमध्ये एक ठसा नसेल तिथं दुसरा लागेल अशी सोय केली. प्रत्येक बदल झाला की आपा प्रिंट काढत, चिकटवत, दाराशी जाऊन उभ्या राहत. आमची ती भिंत इतकी कागदांनी भरली की वीजबिल घेऊन येणारा माणूस एकदा तिथंच वाचत उभा राहिला. आपांनी त्याला चहा पाजला. तो त्यांच्या मते आमचा पहिला खरा वाचक होता.

रिकाम्या पानावर काय असावं, यावरूनही असाच तमाशा झाला. नवं पान उघडलं की जागा दाखवण्यासाठी आत काहीतरी नमुना मजकूर असतो. जगभर तो निरर्थक लॅटिनमध्ये असतो. आपांनी विचारलं, "हे काय लिहिलं हाये?" मी म्हटलं, "काहीच नाही. अर्थ नाही त्याला."

"म्हणजे माणूस आपल्या घरी आला आणि आपण दारात उभं राहून बडबड बडबड केली?"

त्यांनी लॅटिन काढायला लावलं आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या. "नमस्कार. तुम्ही कसे आहात? तुमच्याकडे पाऊस कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक." निशांत सर म्हणाले, "आपा, हे फार घरगुती वाटतं." आपा म्हणाल्या, "मग काय सरकारी वाटू द्यू?"

त्या सुमारास शेतीचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेनं आमचा एडिटर घेतला होता. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावोगावच्या बी-बियाण्यांच्या दुकानांत त्यांनी एकेक संगणक आणि प्रिंटर ठेवला होता. संस्थेनं ईमेल पाठवायचा, दुकानदारानं तो छापून भिंतीवर लावायचा, कुणी मागितला तर प्रत द्यायची. ती वर्षं अशी होती की वऱ्हाडाचं नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत एकाच कारणासाठी यायचं, आणि ते कारण आमच्या ऑफिसात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. सगळ्यांचं कुणी ना कुणी शेतात होतं. आपांचे थोरले भाऊ बाळापूरला कापूस पेरत. जून उलटला की आपा चहा पिताना खिडकीतून वर बघत आणि साखर जास्त झाली तरी काही बोलत नसत.

तर त्या संस्थेतल्या कुणीतरी नवं पान उघडलं, त्यात काही लिहायच्या आधीच 'पाठवा'चं बटण दाबलं. आपांचा नमुना मजकूर जसाच्या तसा गावोगाव गेला. "तुमच्याकडे पाऊस कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक."

निशांत सरांनी कपाळाला हात लावला. पण दुपारपासून उत्तरं यायला लागली. संस्थेच्या एवढ्या सल्ल्यांना आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. "पाऊस नाही. दुबार पेरणी करावी लागते." "इकडे दोन सरी आल्या, मग काही नाही. तुमच्याकडे कुठे?" "आम्ही ठीक. विचारल्याबद्दल आभारी आहे." एका दुकानदारानं लिहिलं होतं, "साहेब, पहिल्यांदाच कोणी विचारलं."

संस्थेच्या माणसाला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं ती सगळी उत्तरं आमच्याकडे ढकलली. आपांनी दोन दिवस दुसरं काम केलं नाही. एकेकाला उत्तर लिहिलं. सर त्यांच्या मागे उभे राहून म्हणाले, "आपा, हे आपलं काम नाही." आपा टाइप करता करताच म्हणाल्या, "विचारलं कोणं? आमी विचारलं. मग उत्तर आलं तर तोंड फिरवायचं का?"

सर परत गेले आणि थोड्या वेळानं आपांसाठी चहा घेऊन आले. कपातून.

आता जे सांगायचं आहे, त्यात चेष्टेला जागा कमी आहे.

त्या वर्षी कपाशीवर अळी फार होती. फवारणीची घाई चालली होती. एके सकाळी तेल्हाऱ्याच्या दुकानातून गजानन नावाच्या दुकानदाराचा आपांना फोन आला. आपा सगळ्या दुकानदारांना नावानं ओळखत. मी समोरच बसले होते. आपा फोनवर नेहमीप्रमाणे "काय म्हणते तेल्हारा?" म्हणाल्या. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "कालचा सल्ला उघड."

मी उघडला. दहा लिटरच्या पंपात औषध किती टाकायचं, असा तो मजकूर होता. पण तो आमच्या अक्षरात नव्हता. संस्थेतल्या माणसानं तो दुसरीकडे लिहिला होता आणि उचलून आमच्या एडिटरमध्ये चिकटवला होता. असं चिकटवलेलं लिखाण आपला आकार, आपला रंग, आपला ठसा बरोबर घेऊन येतं. आपण ठरवून ठेवलेलं डिफॉल्ट तिथं चालत नाही. आपांनी आठवडाभर आधीच सरांना सांगितलं होतं, "पाहुणा आपलं अंथरूण संगं घेऊन आला तर आपली चादर कोण वापरते?" सर म्हणाले होते, चिकटवलेल्याची सजावट काढून टाकली तर ग्राहक तक्रार करतील.

त्या सल्ल्याचं अक्षर बारीक आणि नाजूक होतं. गजाननच्या प्रिंटरची शाई संपत आली होती. "मॅडम," तो विचारत होता, "हे दहा मिली हाये का नव्वद?"

मराठी एक आणि मराठी नऊ. डोक्याचं वळण तेवढं वेगळं. बारीक अक्षरात ते वळण भरून गेलं की एकाचा नऊ व्हायला काय लागतं?

"दहा," आपा म्हणाल्या. "दहा, बापा, दहा. कोणाले दिला कागद?"

काल संध्याकाळी चारपाच जणांनी प्रती नेल्या होत्या. गजाननानं त्यांना फोन लावायला घेतले. आम्ही दोघींनी बाकीच्या सगळ्या दुकानांना फोन केले. संस्थेला सांगून दुरुस्तीचा मेल पाठवला. तोवर गजाननचा पुन्हा फोन आला. सगळ्यांशी बोलणं झालं होतं, एकाचा फोन लागत नव्हता. त्याचं शेत गावापासून दूर होतं आणि तो स्वतः अकोल्याला गेला होता. शेतात आज फवारणी होती.

"दुरुस्ती गेली आहे ना आता," सर म्हणाले.

"पंप पाठीवर चढला की मेल कोण उघडते, सर?" आपांनी पर्स उचलली. "गजानन, तू गाडी काढ आणि आधी शेतात पोहोच. आमी येऊन राहिलो."

अमरावतीहून अकोला आणि अकोल्याहून तेल्हारा. एसटीत आपा खिडकीशी बसल्या होत्या. मूर्तिजापूर आलं आणि गेलं. आपांच्या शेजारी दोन तास शांततेत बसण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. अकोल्याच्या स्टँडवर गाडी बदलताना गजाननचा फोन आला. तो शेतात पोचला होता. काम थांबवलं होतं. पण त्याच्या आधी काही पंप मारून झाले होते. औषध कालवून देणारी बाई चक्कर येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली होती आणि तिला उलट्या होत होत्या. तो मागे तिच्या नवऱ्याला घेऊन, तिला गाडीवर मधे बसवून तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन निघाला होता.

आपा बाकावर बसल्या. पदर तोंडाशी धरला. मी पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. गाडी लागली तेव्हा मात्र माझ्या आधी त्या चढल्या.

आम्ही पोचलो तोवर दुपार कलली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलं, घाबरायचं कारण नाही, रात्रभर ठेवू. फवारणारा तिचा नवरा देवराव बाहेर बसला होता. त्याला काही झालं नव्हतं, पण तो तोच कागद पुन्हा पुन्हा उलगडून बघत होता. शेताच्या मालकानं कागद देऊन यात लिहिलंय तसं टाका म्हटलं होतं. देवरावनं आकडा वाचला होता, नव्वद. बाकीचं वाचायला अक्षर फार बारीक होतं.

बाईचं नाव कमलाबाई. खाटेवर सलाईन लावून पडली होती. पन्नाशीची असेल. आपा तिच्या उशाशी बसल्या. आधी कमलाबाईच बोलली.

"तुमी डाक्टरीणबाई का?"

"नाही व. मी... त्या कागदाच्या हाफिसातली."

कमलाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सुनावेल. सुनावायला हवं होतं तिनं.

"काय लिहेल होतं त्या कागदात?" तिनं विचारलं.

गजाननच्या खिशात एक प्रत होती. आपांनी ती घेतली आणि वाचायला लागल्या. अळी कशी ओळखायची. औषध कोणतं. दहा मिली, हे त्यांनी थांबून वाचलं. मग खालचं. तोंडाला फडकं बांधा. वाऱ्याकडे पाठ करा. औषध हातानं कालवू नका, काडीनं कालवा. मधे विडी, तंबाखू, भाकर नको. अंग धुवा, कपडे वेगळे धुवा.

कमलाबाई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "काडीनं कालवा म्हणते का त्यात?"

"हो."

"मी हातानंच कालवते. पोट्टीपणापासून." मग म्हणाली, "एवढं सारं होतं का त्यात? मले कोणं वाचूनच नाही दाखवलं. अक्षर बारीक का मोठं, मले काय ठाऊक, बाई? मले सारंच सारखं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

आपांनी कागद घडी करून ठेवला. कमलाबाई म्हणाली, "पुन्हा वाचा." आपांनी पुन्हा वाचला. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून, पलीकडे बाळ घेऊन बसलेली एक बाई, अशा दोघीतिघी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा वाचला. रफिकभाईंचा फोन येत होता, तो आपांनी मला उचलायला सांगितला.

त्या रात्री आम्ही गजाननच्या घरी राहिलो. सकाळी कमलाबाई उठून बसली होती, चहा पीत होती आणि मालकाला शिव्या देत होती. "आता बरी झाली," आपा म्हणाल्या, आणि कालपासून पहिल्यांदा हसल्या.

परत आल्यावर त्यांनी निशांत सरांना काही सुनावलं नाही. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. सर तर तयारीनं बसले होते. आपांनी फक्त सगळं सांगितलं, देवराव कागद उलगडून बघत होता इथपर्यंत. सर उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "आपा, तुम्ही सांगाल तसं."

चिकटवलेल्या मजकुराचं अंथरूण दारातच काढून ठेवायचं, हे त्याच दिवशी झालं. काही ग्राहकांनी तक्रार केली. सरांनी त्यांना स्वतः उत्तरं दिली. औषधाचं माप आकड्यात आणि कंसात अक्षरात लिहायचं, असा साचा केला. आणि शेती सल्ल्याच्या प्रत्येक नव्या पानाच्या शेवटी, मोठ्या ठळक अक्षरात, आपांनी एक ओळ कायमची बसवून दिली. कुणी काही निवडो न निवडो, ती येणारच.

"हे वाचलं असन, तर शेजारच्याले वाचून दाखवा."

यावरून महाभारत झालं. संस्थेचे साहेब खास बैठकीला आले. ओळीचा हेतू त्यांना मान्य होता. "पण मॅडम, 'असन' काय, 'शेजारच्याले' काय! हे अशुद्ध आहे. आम्ही प्रमाण भाषेत लिहितो. तुम्ही तर मराठीच्या एम.ए. आहात असं ऐकलं."

"म्हणूनच लिहिलं," आपा म्हणाल्या. "वरचं सारं तुमच्या भाषेत हाये, साहेब. ते तुमी सांगून राहिले. ही एक ओळ शेजारी सांगून राहिला."

साहेब हसले, पण ऐकेनात. शेवटी तडजोड झाली. ओळ राहिली, पण 'असन'चं 'असेल' झालं आणि 'शेजारच्याले'चं 'शेजारच्याला'. आपा आठवडाभर फुगून होत्या. कुणी चहा विचारला की म्हणत, "मला नको. माझी इच्छा नाही. मी शुद्ध माणूस आहे." आठवड्यानंतर तेल्हाऱ्याच्या गजाननचा फोन आला. दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी बाया बसतात, तो वाचतो, कमलाबाई सगळ्यांना गप्प बसवते आणि मधेच त्याला थांबवून "काडीनं" म्हणते. एवढंच सांगायला फोन केला होता. आपांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "चहा सांग व. मले पण."

पुढे दोनेक वर्षांनी सरांनी कंपनी पुण्याला हलवली. वऱ्हाडात ग्राहक होते, पण पैसा पुण्यात होता. त्यांनी आम्हा दोघींनाही बोलावलं. आपांना तर घर शोधून द्यायचीही तयारी होती. आपा म्हणाल्या, "सर, तिथं माझ्या बोलण्याले लोकं हसतीन, मी त्यायच्या पाट्यायले हसीन. दोघायचंही काम व्हायचं नाही." बाळापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायची जागा निघाली होती. या वेळी तात्पुरती नव्हती. रफिकभाईंनी कुरकुर न करता नांदगाव पेठ ते बाळापूर असा दर आठवड्याचा लांबचा प्रवास पत्करला.

मी मात्र पुण्याला निघाले. बडनेरा स्टेशनवर आपा पोचवायला आल्या. डब्यात रोट आणि शेवभाजी. सूचनांची तर गाठोडीच. "तिथं कोणं 'कसं काय' म्हणलं तर खरं सांगत बसजो नको. त्यायले ऐकायचं नसते." "दुपारी कोणाच्या घरी जाजो नको." मी रडायला लागले. त्या आजूबाजूला बघत म्हणाल्या, "चूप. लोकायले वाटन मी सासू हाये आणि तुले माहेरी धाडून राहिली." मग गाडी हलताना खिडकीच्या गजावर हात ठेवून चालू लागल्या. "हाफिसात 'मला, तुला' करशील. कर. नोकरी हाये. मी पण वर्गात करते. पण मले फोन करशील तेव्हा..." पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

पुण्याच्या ऑफिसात पहिला आठवडा मी जीभ आवळून काढला. चौथ्या की पाचव्या दिवशी राहवेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत टेबलावरूनच आपांना फोन लावला. चारी बाजूंना नवी माणसं बसली होती.

"हॅलो आपा, कशा आहात? मला तुमची फार आठवण येते आहे."

पलीकडून एक अनोळखी, अतिशय शुद्ध आवाज. "क्षमा करा. आपण चुकीचा क्रमांक लावला आहे." आणि फोन बंद.

मी फोनकडे बघत राहिले. मग उठले. ऑफिसातून बाहेर पडून जिन्यात जाणार होते, पण मधेच थांबले आणि तिथंच, सगळ्यांच्या मधे उभं राहून पुन्हा फोन लावला.

"आपा," मी म्हटलं, "मले तुमची लय आठवण येऊन राहिली."

दोन माना वळल्या. वळू देत.

"हां," आपा म्हणाल्या, "आता आलं ऐकू. बोल, पोट्टी."